शुभेच्छुक

डबी बसल्यापासून आमच्या गवसाळ्यात एकमेकांवर बंदूक रोखणं हा रामराम घालायचा प्रकार झाला होता. भैरूआण्णा रेडेकर सकाळी सिदूच्या हॉटेलात चहाला यायचा, खांद्यावरची एकनळी उतरवायचा, समोर जो कोण बसला असेल त्याच्या छातीवर धरायचा आणि चाप ओढायचा. डबीतनं 'पींऽऽ' अशी शिट्टी वाजायची, तांबडा दिवा लागायचा, चाप दगडासारखा घट्ट. "चला, माणूस आहेस अजून," असं म्हणून आण्णा बसायचा आणि चहा मागायचा. आम्ही हसायचो. मी जरा जास्तच.

आता ही डबी काय ते सांगतो.

कुठल्याशा शहरात वरातीत कुणीतरी हवेत बार काढला आणि तो वर जायच्या ऐवजी नवरीला लागला. राज्यभर रान उठलं. एक बाजू म्हणाली, पोलीस आणि मिलिटरी सोडून कुणाकडंच बंदूक नको. दुसरी बाजू आमच्यासारख्यांची, डोंगराच्या कडेला शेती करणाऱ्यांची. आमच्याकडं रानडुक्कर येतं ते वीस-वीसचं टोळकं घेऊन. भुईमूग, रताळं, ऊस, एका फेरीत साफ. आज्याच्या काळापासून घराघरात शेतीराखणीची बंदूक. ती घ्याल तर खायचं काय? दोन्हीकडनं मोर्चे निघाले. शेवटी सरकारनं मधला रस्ता काढला. बंदूक ठेवा, पण नळीखाली 'राखणदार' बसवून घ्या.

राखणदार म्हणजे काडेपेटीएवढी डबी. तिला एक डोळा उजेडाचा, एक उष्णतेचा. आत चिप, आणि त्या चिपला माणसांचे कोट्यवधी फोटो दाखवून माणूस ओळखायला शिकवलेलं. सोपं करून सांगायचं तर आत तीन कारकून बसलेत असं समजा. पहिला चेहरा बघतो. दुसरा आकार बघतो, खांदे कुठं, पाय कुठं. तिसरा अंगाची ऊब बघतो. तिघांतला एक जरी म्हणाला की समोर माणूस आहे, की चापाच्या आत पोलादी खिळा आडवा सरकतो, पापणी लवायच्या आत. डुकराला गोळी जाते, नारळाला जाते, माणसाला जात नाही. पहिल्या वर्षी आमच्या तालुक्यात बंदुकीनं एकसुद्धा माणूस मेला नाही. आधी दर वर्षाला एखादा तरी जायचा, 'डुक्कर समजून'.

घोळ झाला तो फ्लेक्सनं. आणि गावात फ्लेक्स छापतो मी. होडगे डिजिटल, एसटी स्टँडसमोर, प्रोप्रायटर विष्णू होडगे. गाव मला इष्णू म्हणतं, मागनं आणखी काय काय म्हणतं.

आमच्याकडं वाढदिवसाचा फ्लेक्स चार दिवस चौकात राहतो. पाचव्या दिवशी तो कुणाच्या तरी गोठ्यावर, नाहीतर गवताच्या गंजीवर, नाहीतर शेतात बुजगावण्याच्या अंगात. डुक्कर फ्लेक्सला बिचकतं, निदान पहिले आठ दिवस. त्यामुळं गावाच्या चारी बाजूंना बांधाबांधावर गॉगल घातलेले भावी सरपंच उभे. आणि डबीला चेहरा दिसला की ती अडणार. डुक्कर भुईमुगात, त्याच्या मागं भावी सरपंच हात जोडून हसतोय, आणि बंदूक म्हणतेय पींऽऽ. दिवसभर उन्हात तापलेला काळा फ्लेक्स माणसाच्या अंगाइतकाच गरम होतो, बुजगावण्याला खांदे असतातच, चेहरा तर छापलेलाच. तिन्ही कारकून एका सुरात 'माणूस, माणूस' ओरडायचे.

लोक बोंबलायला लागले तेव्हा कंपनीनं उपाय काढला. बंदूक अशी फुकट अडली की 'चूक कळवा' बटण दाबायचं. चित्र गावच्या पडताळणी साक्षीदाराकडं जाणार. त्यानं जागेवर जाऊन, वस्तूला स्वतः हात लावून, 'हा माणूस नाही' असं लिहून द्यायचं. मग तो चेहरा अमानव यादीत. तालुक्यातल्या सगळ्या बंदुका तो शिकणार. यादीतला चेहरा दिसला की पहिल्या कारकुनाचा शब्द शेवटचा, दुसऱ्या दोघांनी तोंड उघडायचं नाही. त्यांना गप्प केल्याशिवाय तापलेल्या फ्लेक्सपुढं बंदूक चाललीच नसती.

साक्षीदार म्हणून गावानं मला नेमलं, कारण माझ्याकडं नेट होतं आणि दुसरं कुणी तयार नव्हतं.

दोन दिवस गेलो शेताशेतातनं. काटे भरले, कुत्री लागली. तिसऱ्या दिवशी डोकं चाललं. च्यायला, सगळे फ्लेक्स माझ्याच कॉम्प्युटरवर बनलेत. मूळ फाइलच पाठवली तर? एका क्लिकला फ्लेक्सवरचे सगळे चेहरे निकालात. पाठवली. वर्णनाच्या रकान्यात लिहिलं, 'हा माणूस नाही, भावी सभापती आहे.' कंपनीचं उत्तर आलं, 'आपल्या सहकार्याबद्दल धन्यवाद.' मी खुर्चीतनं पडायचा राहिलो हसून.

आता फ्लेक्सवर मोठा चेहरा एक असतो आणि खाली बोराएवढे तीस-चाळीस. ते शुभेच्छुक. त्यांना कुणी विचारत नाही. माझ्याकडं गावाचे फोटो पडलेलेच असतात, जागा भरेपर्यंत घालायचे. त्यात मी माझी हौस भागवून घ्यायचो. बांधावरनं कोर्टात गेलेले दोघे भाऊ शेजारीशेजारी. उधारी बुडवून पुण्याला पळालेला शाम्या थेट सावकाराच्या मांडीवर. सकाळी चौकात माणसं जमायची फ्लेक्स वाचायला, पेपर कोण वाचत नव्हतं.

माझी सगळ्यात गाजलेली करामत म्हणजे इनासची.

इनास बारदेस्कर माझा पहिलीपासूनचा दोस्त. चर्चच्या मागं त्याची काजूची बाग. त्याचा थोरला भाऊ पेद्रू पंधरा वर्षांपूर्वी उसाच्या कडेला बसला होता, तंबाखू मळत. तिथंच त्याला गोळी लागली. डुक्कर समजून. ज्यानं मारली तो आठ महिन्यांत घरी आला आणि बंदूक तर त्याच्या आधी घरी आली. तेव्हापासून इनासचं एकच. बंदुका गोळा करा आणि घाटात टाकून द्या. डबी बसली तरी त्याचं तेच. भैरूआण्णा तालुक्याच्या बंदूकधारक संघटनेचा अध्यक्ष. दोघं समोरासमोर आले की गाव कामं सोडून ऐकायला थांबायचं.

फेब्रुवारीत आण्णाचा वाढदिवस आला. वीस बाय दहाचा फ्लेक्स, आण्णाच्या खांद्यावर बंदूक, मागं गर्जना करणारा वाघ. खाली शुभेच्छुकांत पहिला फोटो मी कुणाचा लावला असेल? इनासचा. नावापुढं छापलं, 'कट्टर समर्थक'.

गाव दोन दिवस हसत होतं. आण्णानं मला शंभराची नोट बक्षीस दिली. इनास दुकानात आला, माझ्याकडं बघत उभा राहिला आणि म्हणाला, "इष्ण्या, पेद्रूच्या फोटोपुढं बसतो रे मी रोज." आणि गेला. दोन महिने बोलला नाही. मी म्हटलं, येईल. कुठं जातोय.

सहाव्या दिवशी तो फ्लेक्स आण्णानंच आपल्या रताळ्याच्या बांधावर लावला, बंदूक अडली, बटण दाबलं. मी फाइल पाठवून दिली.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात सिदूच्या हॉटेलात आण्णानं खेळ मांडला. माझ्यावर धरली, पींऽऽ. पोस्टमनवर धरली, पींऽऽ. मग आण्णानं भजी तळणाऱ्या सिदूवर धरली आणि चाप ओढला.

खट.

शिट्टी नाही, दिवा नाही. घोडा पडला. नळीत काडतूस नव्हतं म्हणून नुसतं खट.

"सिदू माणसातनं गेला!" कोण तरी ओरडलं आणि हॉटेल डोक्यावर घेतलं सगळ्यांनी. सिदूसुद्धा झारा हातात घेऊन हसत होता. आण्णा म्हणाला, "डबीत पाणी गेलं असेल."

मी हसलो नाही. मला आण्णाच्या फ्लेक्सवरची खालची ओळ दिसायला लागली. डावीकडनं सतरावा, पांढरी टोपी, सिद्राम गुरव. डबी बिघडली नव्हती. डबी मी शिकवल्यासारखं वागत होती.

दुकानात येऊन फाइली काढल्या. एकावर एक चेहरे, परत परत तेच. सगळे मिळून चौसष्ट. चौसष्ट जितीजागती माणसं, आणि तालुक्यातल्या सव्वादोनशे बंदुकांना ती दिसत होती फ्लेक्ससारखी.

कंपनीला फोन लावला. पलीकडं गोड आवाजाची पोरगी.

"सर, यादीतून चेहरा काढण्यासाठी नमुना नऊ. मूळ व्यक्तीची चित्रफीत लागेल. मान डावीकडे, मान उजवीकडे, पापणी मिटून उघडायची, पूर्ण नाव सांगायचं. सोबत तलाठ्यांचा दाखला."

"कसला दाखला?"

"सदर इसम मानव असल्याचा, सर."

मी घसा खाकरला. "आणि समजा साक्षीदारानं वस्तूला हात न लावताच लिहून दिलं असेल तर?"

"मग साक्षीदारावर गुन्हा, सर. सात वर्षांपर्यंत. आपलं नाव काय, सर?"

"रेंज जातीय," म्हणालो आणि ठेवला.

सात वर्षं! मला दोन पोरी, एकीचं ठरत आलेलं. दुकानावर बोर्ड लागला, 'आधार दुरुस्तीसाठी मोफत फोटो व व्हिडिओ, फक्त पंधरा दिवस'. फुकट म्हटल्यावर चौसष्टांच्या जागी दीडशे आले. पुण्याला पळालेल्या शाम्याकडनं मोबाईलवर मागवली. "मान डावीकडं करा काका. उजवीकडं. डोळे मिचकवा. आजी, माझ्याकडं बघून मिचकवू नको, कॅमेऱ्याकडं." तलाठीबाईंपुढं दाखल्यांचा गठ्ठा ठेवला. त्यांनी चष्मा वर केला.

"सदर इसम मानव आहे? हे काय काढलंय हो?"

"वरनं आलंय, मॅडम."

"वरनं आलंय होय," म्हणून त्यांनी सह्या ठोकल्या.

आण्णाला मी सांगून टाकलं की उगंच चाप ओढून डबीचा खिळा झिजतो, कंपनी नवीन देत नाही. सकाळचा खेळ बंद पडला. एकेक मंजुरी यायला लागली. 'अभिनंदन! सदर व्यक्ती मानव म्हणून नोंदवण्यात आली आहे.' वीस एप्रिलपर्यंत त्रेसष्ट माणसं मी माणसांत आणली, आणि एकालाही पत्ता नाही. खरं सांगतो, त्या पंधरा दिवसांत मजासुद्धा आली.

राहिला इनास. तो फुकटच्या फोटोला येणाऱ्यातला नव्हता.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात मी त्याच्या बागेत गेलो. शर्टाच्या खिशात मोबाईल, कॅमेरा तेवढा बाहेर डोकावत ठेवलेला, चालू करून. बाग पिकलेल्या काजूबोंडांच्या वासानं भरलेली. त्याची बायको कातरीन बोंडं पिरगाळून बिया वेगळ्या करत बसली होती.

"या भावजी. आज कुणाला फशिवणार?"

"आज सुट्टी घेतलीय वहिनी."

"मग आजारी असाल," ती म्हणाली आणि चहा ठेवायला आत गेली.

इनास झाडाखाली उभा होता. बस म्हणाला नाही. मी म्हटलं, आडवळणानं बोलत बसण्यापेक्षा सांगून टाकावं. सगळं सांगितलं. फाइली, यादी, सिदूचं खट, चौसष्ट, त्रेसष्ट.

त्यानं हातातलं बोंड पिरगाळून बी वेगळी केली.

"पेद्रूला त्यांनी डुक्कर समजलं," तो म्हणाला. "मला तू फ्लेक्स समजलास."

"इनास, दोन मिनिटांचं काम आहे. मान फिरव, नाव सांग, संपलं."

"आणि बाकीच्या गावांत? तिथं साक्षीदार शेतात जातात काय?"

मला काय माहीत.

"एक मेला ग्रामसभा आहे," तो म्हणाला. "सरकारनं मत मागितलंय गावागावाचं. शेतीराखणीच्या बंदुका कायमच्या जमा करायच्या का नाहीत. भैरूआण्णा त्याचं नाटक घेऊन येणार, डबी कशी पक्की ते दाखवायला. तू उभा राहा तिथं आणि आता मला सांगितलंस ते गावाला सांग."

"आत जाईन मी! पोरीचं लग्न..."

"मी येतो तुझ्याबरोबर पोलिसात. वकील बघू. कातरीनचा मामेभाऊ आहे बेळगावला." तो पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघत होता. "पण आधी तू बोल, मग मी माणूस होतो. तोपर्यंत मला नको तुझा दाखला."

त्यानं मान वळवून घराकडं बघितलं, कातरीन कपबशा घेऊन येत होती. मग दुसरीकडं, बागेच्या फाटकाकडं.

"बोलतो," मी म्हणालो. "ठरावाला सूचक म्हणून तुझं नाव घालायला लावतो. पूर्ण नाव काय रे तुझं?"

"इनास मिंगेल बारदेस्कर. सगळं घाल."

खिशातल्या मोबाईलनं सगळं घेतलं. मान डावीकडं, मान उजवीकडं, पापण्या, नाव. चहा पिऊन मी दुकानात आलो, चित्रफीत कापली, गठ्ठ्यातला एक सहीचा कोरा दाखला भरला आणि पाठवून दिली. शनिवारी सकाळी मोबाईल वाजला. 'अभिनंदन! सदर व्यक्ती मानव म्हणून नोंदवण्यात आली आहे.' मी टेबलावर ताल धरला. चौसष्टपैकी चौसष्ट! आता सभेत बोलायचं कारणच काय उरलं? इनास रागवेल, दोन महिने बोलणार नाही. येईल. कुठं जातोय.

एक मेला झेंडावंदन झालं आणि पंचायतीपुढच्या मांडवात सभा बसली. सरपंचबाई मधे, शेजारी ग्रामसेवक, त्यांना आम्ही भाऊसाहेब म्हणतो. त्यांनी ठराव वाचला.

इनास उठला. "मी साधं विचारतो. ह्या तालुक्यात पंधरा वर्षांत डुक्कर समजून किती माणसं मारली? अठरा. नावं आहेत माझ्याकडं. आणि डुकरं कमी झाली काय? वाढली. मग बंदूक राखण कुणाची करतीय?"

"तुझी काजू डुक्कर खात नाही, म्हणून तुला सुचतंय हे," आण्णा म्हणाला. "आमचं रताळं खातंय. कुंपणाला पैसे तू देणार? आणि ती अठरा डबीच्या आधीची. डबीनंतरचा एक दाखव. एक!"

टाळ्या पडल्या. आण्णानं बंदूक उचलली. सभेत बंदूक आणायची नाही असा नियम होता, पण डबी बसल्यापासून बंदूक आणि छत्री ह्यात कुणी फरक करत नव्हतं. त्यानं मांडवाबाहेरच्या खांबावर गाडगं ठेवायला लावलं, काडतूस भरलं आणि उडवलं. ठिकऱ्या. बायका कानावर हात ठेवून हसल्या. आण्णानं दुसरं काडतूस वर धरून सगळ्यांना दाखवलं आणि नळीत सारलं.

"रिकाम्या बंदुकीनं काय सिद्ध होत नाही. अकरा गावांत असंच दाखवलंय, माझा जावई समोर उभा करून. आज जावई नको. इनासभाऊ, तुमचाच भरवसा नाही डबीवर, तर तुम्हीच या."

इनास उठला नाही. त्यानं आण्णाकडं बघितलंच नाही, तो माझ्याकडं बघत होता. पाचव्या रांगेत मी. त्याच्या चेहऱ्यावर एवढंच होतं की, ऊठ की आता. बोल.

मी बोलू शकलो असतो. उठायचं, 'थांबा' म्हणायचं, झालं. पण खिशात अभिनंदन होतं ना. मी हसलो, अंगठा वर केला आणि त्याला डोळा मारला. पहिलीपासून मारत आलो तसा. 'जा बिनधास्त, केलंय मी काम.'

इनासच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. त्याला कळलं मी काहीतरी जमवलंय. मान हलवून, हसत, 'तू सुधारायचा नाहीस' असं ओठांनीच म्हणत तो उठला आणि खांबापाशी जाऊन उभा राहिला. आण्णासुद्धा हसत होता. त्यानं नेम धरला आणि शिट्टीची वाट बघत चाप ओढला.

शिट्टी वाजली नाही.

मंजुरी आली होती, ते खरंच होतं. पण मंजुरी कंपनीच्या कॉम्प्युटरात येते. तिथनं ती प्रत्येक डबीपर्यंत नेटवरनं पोचावी लागते. सभेत दाखवायची म्हणून तेल लावून, घासूनपुसून, आण्णानं बंदूक चार दिवस माळावरच्या खोपीत ठेवली होती. खोपीत रेंज नाही, आणि डबी नवी यादी घेते ती रात्री एकदाच. आण्णाच्या डबीला इनास अजून फ्लेक्सच होता.

कातरीन बायकांतनं धावत आली. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि सगळ्यांना विचारत सुटली, "शिट्टी का नाही वाजली? शिट्टी का नाही वाजली?" आण्णा बंदूक हातात तशीच धरून उभा होता. तोंड उघडं. चाप तो परत ओढत होता, रिकामा, एकदा, दोनदा, जणू आता तरी वाजेल.

पोलिसांनी आण्णाला नेलं. गावातल्या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा झाल्या. कंपनीनं पत्रक काढलं की तांत्रिक कारणांची चौकशी चालू आहे, अहवाल सहा महिन्यांत. माझं नाव कुठंच आलं नाही. सभा तहकूब, महिन्याअखेरीला परत.

त्या महिन्यात गावाचा रंग पालटला. डबीवरचा भरवसा गेला तसा बंदुकीवरचापण गेला. कातरीन दुखवट्याची काळी साडी नेसून घरोघरी जात होती. रडायची नाही. एवढंच म्हणायची, "डबी चुकू शकते हे बघितलं तुम्ही. ठरावाला हात वर करा." आण्णाचा धाकटा भाऊ दौलू, संघटनेचा खजिनदार, तोसुद्धा म्हणाला, "जाऊ देत वहिनी बंदुका. माझा भाऊ गेला त्यापायी तुरुंगात." माझ्या हिशेबानं चार आणे माणसंसुद्धा विरोधात नव्हती. इनासला पंधरा वर्षांत जमलं नाही ते होणार होतं.

मी जेवत नव्हतो. डोळे मिटले की तो ओठांनी बोललेला दिसायचा, तू सुधारायचा नाहीस. मी ठरवलं, ह्या वेळी बोलायचं. त्याला दिलेला शब्द आहे. लग्न मोडू दे, सात वर्षं होऊ देत. बायकोला आदल्या दिवशी सांगितलं. ती म्हणाली, "आता बोलून कुणाला परत आणणार आहात?" तरी मी गेलो.

तहकूब सभेला मांडव नव्हता. पंचायतीच्या हॉलमधे शंभरएक माणसं, कातरीन भिंतीला टेकून बसलेली. भाऊसाहेबांनी ठराव वाचला, 'शेतीराखणीच्या सर्व बंदुका कायमच्या जमा कराव्यात.' मतदान घेणार एवढ्यात मी उठलो.

"इष्णू, आज चेष्टा नको," सरपंचबाई म्हणाल्या.

"चेष्टा नाही," मी म्हणालो आणि सांगितलं. फाइली कशा पाठवल्या. वर्णनात काय लिहिलं. फोटो फुकट का काढले. बागेत इनास काय म्हणाला, खिशात काय होतं, आणि सभेत मी डोळा मारला. सिदूनं डोक्याला हात लावला. कातरीन माझ्याकडं बघत होती आणि तिचा चेहरा दगड झाला होता. मी खाली बसलो. महिन्यानं पहिल्यांदा हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग दौलू उठला. सावकाश, मोजत बोलला.

"म्हणजे डबी बरोबर होती."

त्यानं माझ्याकडं बोट केलं.

"डबी बरोबर होती! तिला शिकवलं तेच तिनं केलं. चूक डबीची नाही, बंदुकीची नाही, माझ्या भावाची तर नाहीच नाही. चूक ह्या हरामखोराची आहे. एका माणसाच्या नालायकीपायी सबंध गावानं बंदुका द्यायच्या?" तो सभेकडं वळला. "रताळं लावायचं दिवस आलेत. सांगा की!"

"खरं आहे," मागनं एक आवाज आला. "साक्षीदार बदला, म्हणजे झालं."

"दोन साक्षीदार ठेवा."

"आण्णाला सोडवायला पाहिजे आधी."

हॉलमधे हळूहळू बोलणं वाढलं. माणसं सैल झाली, पाय पसरून बसली. महिनाभर अंगावर बसलेलं भ्या एकदाचं उतरल्यासारखं. घाबरायचं कारण सापडलं होतं आणि ते कारण मी होतो, बंदूक नव्हे. मी परत उठायला बघितलं. "अरे, पण बाकीच्या गावांत..." दौलूच्या पुतण्यानं खांद्याला धरून मला खाली बसवलं.

"मतदान घेतो," भाऊसाहेब म्हणाले. "ठरावाच्या विरोधात?"

हातच हात. सिदूचासुद्धा. त्यानं माझ्याकडं न बघता वर केला.

"ठरावाच्या बाजूनं?"

भिंतीपाशी कातरीनचा हात वर गेला. मग माझा. सगळ्या हॉलमधे दोनच. भाऊसाहेबांनी पेन टेकवलं, "दोन..."

"त्याचा धरू नका," कातरीन म्हणाली.

"वहिनी, मताचा अधिकार आहे त्यांना. ग्रामस्थ आहेत ते."

"त्याला माणसांत धरू नका, भाऊसाहेब."

भाऊसाहेबांनी सरपंचबाईंकडं बघितलं. सरपंचबाईंनी खाली बघितलं. माझा हात अजून वर होता, आणि शंभर माणसांत एकानंही 'असू दे' म्हटलं नाही.

भाऊसाहेबांनी लिहिलं, 'ठरावाच्या बाजूने : एक.'